पावसाळ्यातली स्पिरुलिना: टाकीतल्या जिवाणूंकडे लक्ष द्या

श्रावणात चार-पाच दिवस ऊन पडलं नाही की स्पिरुलिनाच्या, म्हणजे खाण्यासाठी वाढवल्या जाणाऱ्या निळ्या-हिरव्या शेवाळाच्या, टाक्या बिघडायला लागतात. गडद हिरवा रंग पिवळसर होतो, कडेला चिकट फेस साचतो, पाण्याला कुजका वास येतो. अशा वेळी घाईने युरिया आणि सोडा वाढवला जातो. कृपा करून तसं करू नका. आधी टाकीतल्या जिवाणूंचं काय चाललंय ते समजून घ्या.

उघड्या टाकीत नुसतं शेवाळ कधीच नसतं. जिवाणू असतातच, आणि ते सगळे वाईटही नसतात. शेवाळ दिवसा प्राणवायू सोडतं. तो पाण्यात फार साठला तर शेवाळाचीच वाढ मंदावते. जिवाणू तो वापरतात आणि कार्बन डायऑक्साइड परत देतात. कित्येक शेवाळांना लागणारं बी-12 जीवनसत्त्वही जिवाणूंकडूनच मिळतं, स्पिरुलिनाला मात्र त्याची गरज नसते. ज्वारीच्या बियाण्याला आपण चोळतो ते अझोस्पिरिलम हे जिवाणू खत क्लोरेला या दुसऱ्या हिरव्या शेवाळाची वाढ सुधारतं, हे मेक्सिकोतल्या प्रयोगांत दिसलं आहे. उलट व्हॅम्पायरोव्हिब्रिओ नावाचा जिवाणू त्याच क्लोरेलाच्या पेशीला चिकटून तिला शोषून मारतो.

ढगाळ हवेत घोटाळा होतो तो असा. उजेड कमी पडला की शेवाळ अशक्त होतं, काही पेशी मरतात आणि फुटतात. त्यातून बाहेर पडलेलं द्रव्य म्हणजे जिवाणूंना आयतं खाद्य, आणि या जिवाणूंना वाढायला ऊन लागत नाही. ते झपाट्याने वाढतात, रात्री पाण्यातला प्राणवायू संपवतात आणि अमोनिया सोडतात. पाण्याचा सामू (pH) साधारण 9.25 च्या वर असला की निम्म्याहून जास्त अमोनिया शेवाळाला विषारी ठरणाऱ्या रूपात राहतो. आपल्या टाक्या 9.5 ते 10.5 वर चालतात. युरियाचाही शेवटी अमोनियाच होतो. म्हणून आभाळ भरलेलं असेल तेवढे दिवस युरिया बंद ठेवा.

सोड्याबद्दलही एक गैरसमज आहे. खाण्याच्या सोड्याने सामू चढत नाही, 10 वर असेल तर उलट थोडा उतरतो. तो शेवाळाचं कार्बनचं खाद्य आहे. पावसाचं पाणी शिरून सामू 9 च्या खाली घसरला असेल, तर सोडियम कार्बोनेट थोडं थोडं विरघळवून द्या आणि दर वेळी मीटरने मोजा. सामू उंच राहिला तर बाहेरचे बहुतेक जिवाणू टाकीत तग धरत नाहीत, यासाठी हे जपायचं. पाऊस आत येणार नाही असं पारदर्शक छप्पर हवंच.

शेतात जीवामृताचा गुण आला म्हणून ते टाकीत ओतणारे शेतकरी भेटतात. त्यातला गूळ, बेसन, शेण हे सगळं कुजवणाऱ्या जिवाणूंचं खाद्य आहे, शिवाय शेणातले रोगजंतू थेट खाण्याच्या मालात येतात. शेणस्लरी, ताक, गूळपाणी यातलं काहीच नको. चालू टाकीत ब्लीचिंग पावडर किंवा अँटिबायोटिकही नको. ब्लीचिंग वापरायची ती टाकी रिकामी करून, मग स्वच्छ धुऊन उन्हात वाळवायची.

टाकी बिघडायच्या बेतात वाटली तर त्यातलं थोडं पाणी काढून ताजं माध्यम (शेवाळ वाढवायचं सोडा-खतांचं पाणी) भरा. ढवळणं थांबवू नका, तळाशी बसलेला गाळ उपसा. जवळच्या महाविद्यालयात सूक्ष्मदर्शक असेल तर एक थेंब दाखवा: सर्पिल तंतू तुटलेले आणि भोवती बारीक हलणारे ठिपके दाट दिसले, तर त्या टाकीतला माल विकू नका.

ओली स्पिरुलिना काही तासांतच नासते. पावसाळ्यात त्याच दिवशी ड्रायरमध्ये वाळेल तेवढीच काढा. आणि काढलेलं जुनं पाणी काळ्या रानात सोडू नका. त्यातल्या सोडियमने जमीन चोपण, म्हणजे घट्ट आणि नापीक, होते, आणि चोपण सुधारायला जिप्सम घालून वर्षं जातात. ते पाणी वेगळ्या प्लास्टिक अंथरलेल्या खड्ड्यात सुकू द्या.