चॉकलेटच्या वेष्टनात दडवलेली भेट

राखीला बहिणीला कानातलं द्यायचंय, नाहीतर बायकोला जोडवी? चॉकलेटच्या वडीत लपवा. वडी मात्र आत चंदेरी कागद आणि वर कागदी वेष्टन असलेलीच घ्या. यंत्रानं चिकटवलेलं प्लास्टिक एकदा फाटलं की संपलं.

मागच्या जोडाखालून पातळ सुरी अलगद फिरवा. ड्रायरनं डिंक सैल करायचा मोह नको. कोको बटर 34 अंशांच्या आसपास वितळतं, अन् परभणी-नांदेडचा मे महिना तर चाळिशीपारचा! हे काम सकाळच्या गारव्यातच उरका.

चंदेरी कागद जुन्या घड्यांवरूनच उलगडा. मधले चार-सहा तुकडे काढा (ते कुठं जातात, हे सांगायला नको) आणि तिथं बटर पेपरमध्ये गुंडाळलेली वस्तू बसवा. खाली वडीच्या मापाचा पुठ्ठा हवाच, नाहीतर हातात घेताच वडी मधून वाकते आणि बिंग फुटतं. घड्या नखानं दाबून बसवा, वरच्या कागदाला थोडी गमस्टिक लावा.

फ्रिजमधून काढल्यावर कागदाला पाणी सुटतं, म्हणून आधी घट्ट डब्यात ठेवा. देताना, "दातानं तोडू नको बरं, हातानं मोड," एवढं सांगाच. घरात लहान लेकरू असेल तर वडी त्याच्या हाती लागू देऊ नका.