पाऊस बाहेर, दुष्काळ नळीत
जुलै महिना. फोंड्यात धो धो पाऊस आणि आमच्या लॅबच्या थर्मल सायक्लरमध्ये (पीसीआरचं, म्हणजे डीएनएच्या प्रती काढायचं यंत्र) नळ्या मात्र आटलेल्या! २५ मायक्रोलिटर मिश्रण घालावं, तापवण्या-थंड करण्याच्या ३५ सायकलनंतर तळाशी जेमतेम १५. बाकीचं टोपणाला थेंब होऊन चिकटलेलं. पाणी असं उडालं की उरलेल्यात मॅग्नेशियम नि क्षार दाट होतात, मग तपासणीच्या जेलवर डीएनएचा पट्टा कसला दिसतोय? दोन दिवस मी बिचाऱ्या प्रायमरलाच (प्रत काढायला सुरुवात करून देणारा डीएनएचा छोटा तुकडा) शिव्या घातल्या. शेवटी प्रोग्राम उघडला तर वाफेचे थेंब टोपणाला धरू न देणारं यंत्राचं तापणारं झाकण कोणीतरी बंद करून ठेवलेलं. ते १०५ अंशांवर लावलं. तरी कडेची एक नळी आटायचीच. आठच नळ्या एका बाजूला, त्यामुळे झाकणाचा दाब तिरका पडत होता. चारही कोपऱ्यांत रिकाम्या नळ्या ठेवल्या. दुसऱ्या दिवशी पट्टा लख्ख.