फॅमिली डॉक्टरने एकात्मिक आणि फंक्शनल वैद्यकाकडे कसे वळावे

फॅमिली डॉक्टर म्हणून पंधरा-वीस वर्षे दवाखाना चालवल्यावर एक अस्वस्थता मनात घर करते. मधुमेह, रक्तदाब, थायरॉइड, पित्त आणि गुडघेदुखीचे तेच रुग्ण दर महिन्याला येतात, दरवर्षी केसपेपरवर एखादी गोळी वाढते आणि पाच मिनिटांच्या भेटीत त्यांच्या झोपेबद्दल, जेवणाबद्दल किंवा घरातल्या ताणाबद्दल विचारायचे राहूनच जाते. नेमक्या याच सुमारास कोणीतरी एकात्मिक वैद्यकाच्या किंवा फंक्शनल मेडिसिनच्या अभ्यासक्रमाचे माहितीपत्रक पुढे सरकवते. मी एमबीबीएस डॉक्टर असून माझा दवाखाना डोंबिवलीत आहे. या वाटेने निघाले तेव्हा सुरुवातीचा बराच पैसा मी चुकीच्या ठिकाणी घालवला, म्हणून ही वाट कोणत्या क्रमाने चालावी हे आधुनिक वैद्यकाची पदवी असलेल्या सहव्यावसायिकांसाठी येथे लिहीत आहे.

प्रथम दोन्ही शब्दांतला फरक समजून घ्यावा, कारण जाहिरातींत ते सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात. आधुनिक उपचार कायम ठेवून त्यांच्या जोडीला योग, आहार, आयुर्वेद, अ‍ॅक्युपंक्चर यांपैकी ज्याला काही पुरावा आहे ते घेणे, हे एकात्मिक वैद्यक. अमेरिकेत डॉ. अँड्र्यू वाइल यांनी १९९४ मध्ये अ‍ॅरिझोना विद्यापीठात त्याचे शिक्षण सुरू केले. आपल्याकडे दिल्लीच्या एम्समध्ये आणि बंगळुरूच्या निम्हान्समध्ये त्यासाठी स्वतंत्र विभाग आहेत. फंक्शनल मेडिसिनची संस्था जेफ्री ब्लँड यांनी १९९१ मध्ये अमेरिकेत स्थापन केली. आजाराच्या नावाऐवजी त्याच्या मुळाशी असलेल्या पचन, हार्मोन, दाह, ऊर्जानिर्मिती अशा प्रक्रियांमधला बिघाड शोधावा, अशी तिची मांडणी आहे. क्लीव्हलँड क्लिनिक या अमेरिकेतील मोठ्या रुग्णालयाने २०१४ मध्ये या विषयाचे केंद्र उघडले, आणि त्याच वर्षी अमेरिकेतील फॅमिली डॉक्टरांच्या संघटनेने फंक्शनल मेडिसिनच्या अभ्यासक्रमांना डॉक्टरांच्या सततच्या शिक्षणाचे क्रेडिट गुण देणे थांबवले. २०१८ मध्ये तिने ही बंदी थोडी सैल केली, तीही केवळ विषयाची ओळख करून देणाऱ्या वर्गांपुरती. या दोन्ही गोष्टी एकत्र ध्यानात ठेवाव्यात. माझे मत असे झाले आहे की फंक्शनल मेडिसिन विचारते ते प्रश्न चांगले आहेत, पण उत्तर म्हणून ते पुष्कळदा ज्या तपासण्या आणि सप्लिमेंट पुढे करते, त्यांतला मोठा भाग घेण्यासारखा नाही.

महाराष्ट्राला हे मिश्रण नवे नाही, हेही जाता जाता सांगावेसे वाटते. शुद्ध आयुर्वेद शिकवावा की मिश्र, हा वाद आपल्याकडे कित्येक दशके रंगला, आणि आजही गावोगावचे निम्मे-अधिक फॅमिली डॉक्टर बीएएमएस किंवा बीएचएमएस असतात. वैद्यांचे काम काय असते हे शिकायला परदेशी अभ्यासक्रमाची गरज नाही. शेजारच्या गल्लीतल्या चांगल्या वैद्यांकडे आठवड्यातून एक संध्याकाळ बसले तरी पथ्यापथ्याची दृष्टी मिळते.

एका दुपारपासून सुरुवात

अभ्यासक्रमाची फी भरण्याआधी आठवड्यातली एक दुपार मोकळी करावी आणि त्या दुपारी चारच रुग्ण पाहावेत, प्रत्येकी ४५ मिनिटे. हे रुग्ण आपल्याच जुन्या रुग्णांतून निवडावेत. त्यांची प्रकृती, घर आणि स्वभाव आपल्याला ठाऊक असतो, आणि फॅमिली डॉक्टरची खरी पुंजी तीच असते.

या भेटीचे मुख्य साधन म्हणजे एक आडवा धरलेला फुलस्केप कागद. त्यावर जन्मापासून आजपर्यंतची एक रेघ ओढावी. रेघेच्या वर आयुष्यातल्या घटना लिहाव्यात, जसे नोकरी बदलणे, बाळंतपण, रात्रपाळी, घर बदलणे, कोणाचा मृत्यू. आणि रेघेखाली आजार, शस्त्रक्रिया व औषधे, ती सुरू झाल्याच्या वर्षासह. आजाराला अनुकूल पार्श्वभूमी कोणती, तो कशाने सुरू झाला आणि आता कशाने टिकून आहे, हे तीन प्रश्न या कागदावर विचारायचे असतात. फंक्शनल मेडिसिनमधला मला सर्वांत उपयोगी वाटलेला भाग हाच.

एक उदाहरण देते. बावन्न वर्षांचे एक शाकाहारी गृहस्थ तळपायांना मुंग्या येतात म्हणून वर्षभर माझ्याकडे येत होते. मधुमेह असल्यामुळे मी त्याला मधुमेहामुळे झालेला मज्जातंतूंचा विकार म्हटले आणि गोळ्या लिहून दिल्या. रेघ ओढली तेव्हा दिसले की रात्रपाळी सुरू झाल्यावर पित्त वाढले, पित्तासाठी सुरू केलेली पँटोप्राझोलची गोळी अकरा वर्षे कोणी थांबवलीच नव्हती, आणि त्यावर आठ वर्षे मधुमेहाचे मेटफॉर्मिन चालू होते. ही दोन्ही औषधे व्हिटॅमिन बी-१२ चे शोषण कमी करतात आणि आहारातूनही ते फारसे मिळत नव्हते. तपासणीत बी-१२ अगदी तळाला निघाले. हे सगळे माझ्याच केसपेपरवर सुट्या सुट्या तारखांना नोंदवलेले होते. एका रेघेवर मात्र ते पहिल्यांदाच आले.

घरातले सगळे पिशवीत घालून आणा

दुसरी सवय अशी लावावी की रुग्णाला पहिल्या भेटीच्या वेळी घरातली सगळी औषधे, चूर्णे, काढे, पावडरी आणि केसांच्या गोळ्यासुद्धा एका पिशवीत घालून आणायला सांगावे. ‘दुसरे काही घेता का?’ असे विचारले तर ‘नाही’ हेच उत्तर येते, कारण गुळवेल किंवा बायोटिन हे औषध आहे असे त्यांना वाटतच नाही.

चाळिशीतल्या एका बाईंच्या थायरॉइडच्या तपासणीत टीएसएच खूप कमी आणि टी-४ जास्त आला होता, आणि थायरॉइड वाढल्याचे निदान करून औषध सुरू होण्याच्या बेतात होते. त्यांच्या पिशवीत केस गळण्यावरच्या बायोटिनच्या गोळ्या निघाल्या. बऱ्याच प्रयोगशाळांच्या चाचणीपद्धतीत बायोटिन ढवळाढवळ करते आणि नेमके असेच खोटे आकडे दाखवते. गोळी तीन दिवस बंद ठेवून पुन्हा रक्त तपासले, तेव्हा थायरॉइड पूर्णपणे ठीक होते. दुसऱ्या एका आजोबांच्या पिशवीत व्हिटॅमिन डीच्या ६०,००० युनिटच्या पुड्या होत्या. आठवड्याला एक असे लिहिलेले असताना ते दोन महिने रोज एक घेत होते. मळमळ आणि बद्धकोष्ठतेसाठी त्यांच्या पोटाच्या तपासण्या चालू होत्या. बिघडले होते ते कॅल्शियम, जास्त व्हिटॅमिन डीमुळे वाढलेले.

वनौषधींच्या बाबतीतही तितकेच डोळस राहावे. ज्येष्ठमध दीर्घकाळ घेतल्यास रक्तदाब वाढतो व पोटॅशियम उतरते, आणि जोडीला लघवीची गोळी असेल तर धोका वाढतो. मिरीच्या अर्कासह घेतलेल्या हळदीच्या कॅप्सूलमुळे आणि अश्वगंधेमुळे यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. गुळवेलीबाबत मुंबईतील यकृततज्ज्ञांनी २०२१ मध्ये अशाच सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली, तेव्हा आयुष मंत्रालयाने तिच्यावर आक्षेप घेतला आणि वनस्पतीची ओळख चुकल्याची शक्यता मांडली. वाद कसाही मिटो, दवाखान्यात बसणाऱ्याने अशा रुग्णाचे यकृताचे रिपोर्ट पाहावेत आणि बाटलीवरचे लेबल वाचावे. बॉस्टनमध्ये विकल्या जाणाऱ्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसे, पारा किंवा अर्सेनिक सापडल्याचा अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला होता, त्यामुळे भस्मयुक्त औषध कोणाच्या सल्ल्याने आणि कोठून घेतले, हे विचारायलाच हवे.

कायद्याची कुंपणे

हा भाग कंटाळवाणा असला तरी टाळू नये. आपल्यावर आजही २००२ चे व्यावसायिक आचारसंहितेचे विनियम लागू आहेत. २०२३ मध्ये आलेले नवे विनियम काही दिवसांतच स्थगित झाले. २००२ च्या विनियमांनुसार, ज्या शाखेची मान्य पात्रता नाही त्या शाखेचे तज्ज्ञ म्हणवून घेता येत नाही. फंक्शनल मेडिसिन ही आपल्याकडे मान्य विशेषज्ञता नाही, म्हणून पाटीवर ‘फंक्शनल मेडिसिन तज्ज्ञ’ लिहू नये. परदेशी प्रमाणपत्र भिंतीवर लावले तरी ही मर्यादा तशीच राहते. प्रयोगशाळेकडून किंवा सप्लिमेंट कंपनीकडून कमिशन घेणे याच विनियमांनुसार निषिद्ध आहे. ‘मधुमेह मुळापासून बरा’ अशी जाहिरात १९५४ च्या जादूटोणासदृश उपचारांच्या जाहिरातींविषयीच्या कायद्यात अडकते, कारण मधुमेह त्याच्या यादीतच आहे.

दुसऱ्या पॅथीची औषधे स्वतः लिहिणे हा याहून नाजूक प्रश्न आहे. पूनम वर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये ॲलोपॅथीची औषधे देणाऱ्या होमिओपॅथी डॉक्टरला निष्काळजीपणाबद्दल जबाबदार धरले, आणि जी पद्धती आपण शिकलो नाही तिचे उपचार करू नयेत हे त्यामागचे तत्त्व आपल्यालाही लागू पडते. (यकृताची एखादी वनौषधी गोळी कधीच लिहून दिली नाही असा एमबीबीएस डॉक्टर महाराष्ट्रात सापडणे कठीण, हे मलाही ठाऊक आहे.) सरळ मार्ग असा की आयुर्वेदिक उपचार वैद्यांनी करावेत आणि आपण रुग्णाला चिठ्ठी देऊन त्यांच्याकडे पाठवावे. चिठ्ठीत निदान, चालू औषधे, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची चाचणी) व यकृताचे ताजे आकडे लिहावेत, आणि वैद्यांनी काय दिले ते त्यांनी लेखी कळवावे असा आग्रह धरावा.

काय आधी शिकावे

आहारापासून सुरुवात करावी, कारण तेथे पुरावा बळकट आहे आणि तो फॅमिली डॉक्टरांच्याच दवाखान्यांत गोळा झालेला आहे. ब्रिटनमधील डायरेक्ट या चाचणीत मधुमेह होऊन सहा वर्षांहून अधिक काळ न झालेल्या, इन्सुलिन न घेणाऱ्या रुग्णांना तीन ते पाच महिने दिवसाला सुमारे ८५० कॅलरींचा आहार दिला. वर्षअखेरीस त्यांतले ४६ टक्के रुग्ण औषधांशिवाय मधुमेहाच्या मर्यादेखाली होते. नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत हे प्रमाण ४ टक्के होते. आपल्याकडे मात्र वजनकाट्यावर विसंबू नये. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) २२.३ असा सारखाच होता, पण शरीरातील चरबी याज्ञिकांची २१.२ टक्के आणि युडकिनांची ९.१ टक्के भरली, हे ‘लॅन्सेट’ मधले २००४ चे छायाचित्र प्रसिद्ध आहे. म्हणून टेप हाताशी ठेवून पोटाचा घेर मोजावा.

येथे एक सावधगिरी अत्यावश्यक आहे. भात-पोळी एकदम कमी करायला सांगण्याआधी ग्लिमेपिराइड ही साखर उतरवणारी गोळी आणि इन्सुलिन यांची मात्रा कमी करावी, नाहीतर रुग्णाची साखर घसरते; एसजीएलटी-२ गटातील (लघवीवाटे साखर बाहेर टाकणारी) गोळी चालू असेल तर ती थांबवल्याशिवाय कर्बोदके फार कमी करू नयेत, कारण साखर न वाढताही रक्त आम्लधर्मी करणारा धोक्याचा कीटोअ‍ॅसिडोसिस होऊ शकतो. वजन उतरू लागले की रक्तदाबाच्या गोळ्याही पुन्हा पाहाव्यात.

योगाबद्दल बोलताना जितका पुरावा आहे तितकेच बोलावे. हृदयविकाराच्या झटक्यानंतरच्या ३,९५९ भारतीय रुग्णांवर २४ रुग्णालयांत झालेल्या योग-केअर चाचणीत मृत्यू किंवा पुन्हा झटका येण्याच्या प्रमाणात निर्णायक फरक पडला नाही. रुग्णांना बरे वाटणे आणि पूर्वीच्या कामावर परतणे मात्र सुधारले. शिकायला दूर जाण्याची गरज नाही. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये स्थापन केलेले कैवल्यधाम लोणावळ्यातच आहे, आणि योगाचा शरीरक्रियेवरील परिणाम यंत्रांनी मोजण्याचे काम तेथे सुरुवातीपासून झाले आहे.

जेथे माझे पैसे बुडाले

सुरुवातीच्या उत्साहात मी अन्नपदार्थांवरील आयजीजी (रक्तातील एक प्रकारची प्रतिपिंडे) तपासण्या करून घेऊ लागले. रिपोर्ट रंगीत आणि जाडजूड येत असे. एका मुलीच्या रिपोर्टमध्ये दूध, गहू, शेंगदाणे, अंडी आणि तूरडाळ लाल रकान्यात होती. तिच्या आईने ती सगळी बंद केली आणि दोन महिन्यांत मुलीचे वजन चार किलो उतरले. आयजीजी वाढलेले असणे म्हणजे तो पदार्थ नेहमी खाल्ला जातो एवढेच. अ‍ॅलर्जीतज्ज्ञांच्या संघटना या तपासणीविरुद्ध स्पष्टपणे सल्ला देतात. मी तो सल्ला नंतर वाचला. हीच गोष्ट केसांच्या खनिज-तपासणीची. तपासणीचे उत्तर काहीही आले तरी उपचार बदलणार नसेल, तर ती लिहू नये.

सप्लिमेंट आपल्या दवाखान्यातून विकू नयेत. नफा कितीही थोडा असला तरी लिहिताना हात जड होतो किंवा सैल होतो, आणि रुग्णाला तो कळतो. वेळेची फी मात्र निःसंकोच घ्यावी आणि ४५ मिनिटांच्या भेटीचे शुल्क फोनवरच सांगावे.

एवढे सहा महिने केल्यावरच अभ्यासक्रम निवडावा, आणि निवडताना तो चालवणाऱ्या संस्थेला सप्लिमेंट विक्रीतून पैसा मिळतो का, हे आधी पाहावे. त्या अभ्यासक्रमाचे गुण महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल पाच वर्षांच्या नूतनीकरणासाठी लागणाऱ्या ३० क्रेडिट गुणांत धरते का, हेही विचारून घ्यावे.

त्या दुपारच्या रुग्णांसाठी एक वेगळी वही ठेवावी. तीत पहिल्या दिवशीचे वजन, घेर, एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर), रक्तदाब आणि गोळ्यांची संख्या लिहावी आणि तीन महिन्यांनी तेच आकडे शेजारी भरावेत. जे परत आलेच नाहीत त्यांना कम्पाउंडरने नव्हे तर आपण स्वतः फोन करावा. माझ्या पहिल्या वहीत चोवीस जणांपैकी नऊ जण परत आले नव्हते, आणि त्यांतल्या बहुतेकांनी एकच कारण सांगितले, की सांगितलेला आहार सासू-सासऱ्यांच्या आणि मुलांच्या स्वयंपाकात बसत नव्हता. तेव्हापासून पहिल्या भेटीला स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीलाही मी सोबत बोलावते.