सेमी-सॉफ्ट लेन्सला नळाचं पाणी लावू नका

चष्म्याच्या दुकानात या कॉन्टॅक्ट लेन्सला ‘सेमी-सॉफ्ट’ म्हणतात, डॉक्टरांच्या कागदावर आरजीपी, म्हणजे रिजिड गॅस परमिएबल. दुकानातलं नाव फसवं आहे, कारण तिच्यात सॉफ्ट असं काहीच नसतं. शर्टाच्या बटणापेक्षा जेमतेम लहान अशी ही कडक चकती, फक्त हवेतला प्राणवायू तिच्यातून आरपार जातो. केराटोकोनसमध्ये बुब्बुळाचा पारदर्शक पडदा, म्हणजे कॉर्निया, शंकूसारखा पुढे येतो आणि चष्म्याने नीट दिसत नाही. अशांना बहुधा हीच लेन्स लागते. मी त्यांतलाच एक. महिन्याची सॉफ्ट लेन्स महिना संपला की फेकून देता येते. ही वर्ष-दोन वर्षं वापरायची असते, म्हणून रोज रात्री साफ करण्याला पर्याय नाही.

आधी पाण्याबद्दल. आपल्याकडे स्वच्छ करायचं म्हटलं की वस्तू नळाखाली धरायची, हे हाताच्या अंगवळणी पडलेलं असतं. लेन्सच्या बाबतीत ती सवय मोडायची. नळ, विहीर, बोअर, गच्चीवरची टाकी, पोहण्याचा तलाव, सगळीकडे अकँथअमीबा नावाचा एकपेशीय जीव असू शकतो. परिस्थिती बिकट झाली की तो स्वतःभोवती कवच करून बसतो आणि नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनला दाद देत नाही. लेन्सबरोबर तो डोळ्यात गेला आणि कॉर्नियावर बारीकसा ओरखडा असला, तर आत शिरतो. मग उपचार महिनोन्‌महिने चालतात, दृष्टीही जाऊ शकते. फिल्टरचं पाणी चालेल का, उकळून गार केलेलं? नाही. ते पोटासाठी ठीक आहे. १९८०च्या दशकात अमेरिकेत लोक डिस्टिल्ड वॉटरमध्ये मिठाच्या गोळ्या विरघळवून घरीच सलाईन करत, आणि त्यातून या संसर्गाचे बरेच रुग्ण निघाले. तोंडात घालून लेन्स ओली करणारे जुने लोकही मी पाहिलेत. त्यांच्याबद्दल काय बोलावं!

काय काय लागेल

कडक लेन्ससाठीचंच सोल्युशन घ्या, सॉफ्ट लेन्सचं नको. ते दोन प्रकारात मिळतं. एकात चोळायला क्लीनर आणि भिजवायला कंडिशनिंग सोल्युशन अशा दोन बाटल्या येतात, दुसऱ्यात एकच बाटली सगळं करते. दोन बाटल्या असतील तर क्लीनरच्या बाटलीला रबरबँड गुंडाळून ठेवा. लेन्स काढल्यावर आमच्यासारख्यांना लेबल कुठलं वाचता येतंय! बोटाला रबर लागलं की कळतं, ही डोळ्यापासून लांब ठेवायची. त्याशिवाय खळखळून धुवायला निर्जंतुक सलाईन, लेन्सची डबी आणि साधे टिशू. सलाईन शक्यतो छोट्या पॅकमधलं घ्या. प्रिझर्वेटिव्ह नसलेली बाटली एकदा फोडली की त्याच दिवशी संपवायची, उरलं तर ओतून द्यायचं.

रात्री, क्रमाने

१. हात धुवा. साबण साधा हवा. मॉइश्चरायझर असलेल्या साबणाचा थर बोटावरून लेन्सवर जातो आणि दुसऱ्या दिवशी सगळं धुक्यातून दिसतं. हात धुवायला मात्र नळाचंच पाणी वापरायचं. फक्त लेन्सला हात लावण्यापूर्वी ते पूर्ण कोरडे करायचे, धागे न सुटणाऱ्या पंचाने किंवा टिशूने. संध्याकाळी मिरच्या चिरल्या असतील तर दोनदा धुवा आणि नखांच्या कडा विसरू नका. एकदा ठेचा केला होता, हात धुतलेही होते, तरी लेन्स काढताना डोळ्यात जे झालं त्यानंतर मला हे कुणी सांगावं लागलेलं नाही.

२. बेसिनच्या भोकावर रुमाल पसरा. त्याहून बरं म्हणजे टेबलावर स्वच्छ टिशू अंथरून बसा. ही लेन्स घरंगळत नाही, ती चक्क उडते.

३. नेहमी उजव्या डोळ्यापासून सुरुवात करा. एका लेन्सचं सगळं आटोपून ती डबीत गेली की मगच दुसरी काढायची. उजवी-डावीची अदलाबदल यानेच टळते.

४. लेन्स तळहाताच्या खोलगट भागात, वाटीसारखी उताणी ठेवा. क्लीनरचे दोन-तीन थेंब टाका. दुसऱ्या हाताच्या बोटाच्या पेराने, नख लागू न देता, सुमारे २० सेकंद हलक्या हाताने चोळा. मग उलटी करून दुसरी बाजू. संपूर्ण प्रक्रियेतलं सर्वांत महत्त्वाचं काम हेच, आणि आळस आला की पहिली काट यालाच बसते. दिवसभरात अश्रूंतली प्रथिनं, मेद, काजळ हे सगळं लेन्सवर चिकटतं. तो थर तसाच राहिला तर सोल्युशन जंतूंपर्यंत नीट पोचत नाही. नुसतं बुडवून ठेवणं म्हणजे खरकटं ताट न घासता विसळणं.

पण जोर लावायचा नाही. दोन बोटांच्या चिमटीत धरून रगडली तर लेन्स वाकते, कधी तडकते. काही क्लीनरमध्ये अतिसूक्ष्म खरखरीत कण असतात. अशा क्लीनरने रोज मध्यभागीच दाबून घासत राहिलं तर लेन्सचा नंबरसुद्धा बदलू शकतो. लेन्सवर खास लेप असेल तर असा क्लीनर वापरायचाच नाही, दुकानदाराला आधी विचारून घ्या.

५. आता धुवा. काही जुन्या माहितीपत्रकांत क्लीनर नळाखाली धुवा असं छापलेलं सापडेल. क्लीनर डोळ्यात गेला तर झोंबतो, त्यामुळे तो पुरता निघून जाणं गरजेचं आहे हे खरंच. पण ते काम सलाईनने करा. लेन्सचा बुळबुळीतपणा जाईपर्यंत धार सोडत राहा.

६. डबीत ताजं सोल्युशन भरा, लेन्स पूर्ण बुडली पाहिजे. बाटलीवर लिहिलेला वेळ पाळा, बहुतेकांचा किमान ४ ते ६ तास असतो. रात्रभर ठेवलं की प्रश्नच मिटतो. कालच्या सोल्युशनमध्ये आजचं थोडं ओतून भागवायचं नाही. एकदा वापरलेल्या सोल्युशनची जंतू मारण्याची ताकद उतरलेली असते. सलाईनमध्ये ठेवूनही उपयोग नाही, त्याने लेन्स ओली राहते, निर्जंतुक होत नाही.

काही जण ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडचं सोल्युशन वापरतात. ते चांगलं असतं, पण त्याची डबी वेगळी येते आणि तिच्यात पेरॉक्साइड निष्प्रभ व्हायला साधारण ६ तास लागतात. त्याआधी लेन्स डोळ्यात घातली तर जबरदस्त जळजळ होते आणि इजाही होते. घाईत उठणाऱ्यांनी या वाटेला न गेलेलं बरं.

सकाळी

पुन्हा हात धुऊन कोरडे करा. लेन्स काढून सलाईनने धुवा, उजेडासमोर धरून कड फुटलेली नाही ना पाहा. कंडिशनिंग सोल्युशनचे एक-दोन थेंब लावून घाला. काजळ, पावडर, केसांचं तेल हे सगळं त्यानंतर.

मग डबी. आतलं सोल्युशन ओतून द्या, ताज्या सोल्युशनने आतून बोट फिरवून विसळा, स्वच्छ टिशूने पुसा आणि झाकणं उघडी ठेवून टिशूवर पालथी घाला. बाथरूममध्ये नाही, कपाटावर किंवा टेबलावर. दर तीन महिन्यांनी नवी डबी घ्या. सोल्युशनची बाटली फोडली त्या दिवसाची तारीख तिच्यावर पेनाने लिहा, नाहीतर ‘उघडल्यापासून इतके दिवस’ या सूचनेला अर्थ उरत नाही.

रोज चोळूनही लेन्सवर पांढरट पापुद्रा दिसायला लागला, तर तो प्रथिनांचा असतो. त्यासाठी वेगळं औषध मिळतं. ते किती वेळाने वापरायचं हे तुमच्या लेन्सच्या मटेरियलवर ठरतं, तेव्हा लेन्स बसवून देणाऱ्यालाच विचारा.

आणि डोळा लाल झाला, दुखू लागला, उजेड सहन होईना किंवा धूसर दिसायला लागलं, तर लेन्स लगेच काढा आणि त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जा. औषधाच्या दुकानातून मागच्या वेळचे स्टिरॉइडचे थेंब आणून घालू नका, संसर्ग असेल तर त्यांनी तो भडकतो. जाताना लेन्स, डबी आणि सोल्युशनची बाटली पिशवीत घालून न्या. जंतू कुठला हे कळण्यासाठी डॉक्टर त्यांची तपासणी करायला सांगू शकतात, म्हणून त्या दिवशी डबी धुवायची नाही.