डाव्या बाबांना लिबर्टेरियन पुस्तक भेट देताय? आधी या चुका टाळा

बाबांची पंच्याहत्तरी असते, आईची निवृत्ती असते, नाहीतर नुसताच पाडवा असतो. घरात पुस्तकं देण्याची रीत, त्यामुळे शर्टपीस दिला तर दोघंही नाराज. तुम्ही गेली काही वर्षं हायेक, फ्रीडमन हे बाजारवादी अर्थशास्त्रज्ञ आणि शेतकरी संघटनेचे शरद जोशी वाचून पुरते खुल्या व्यवस्थेवाले, म्हणजे सरकारचा हात जितका कमी तितकं बरं मानणारे लिबर्टेरियन झालेले. बाबा मात्र जुने सेवादलवाले, हयात बँकेच्या युनियनमध्ये गेलेली, 'साधना'चा अंक आला की समोरचा चहा निवू देणारे. तुम्हाला वाटतं, एकच पुस्तक असं द्यावं की विषय संपला.

विषय संपवायचा विचार आधी डोक्यातून काढा. मोर्चे, अभ्यासवर्ग आणि प्रसंगी तुरुंग यांतून पन्नास वर्षांत घडलेलं मत एका पुस्तकाने पालटत नाही. पुस्तकाकडून फार तर इतकी अपेक्षा ठेवा की बाबा ते अर्ध्यात सोडणार नाहीत आणि दोन दिवसांनी जेवताना स्वतःहून त्यावर बोलतील. तेवढं साधायचं तर निवड करताना स्वतःला विचारा: बाबांना स्वतःला सरकारचा संताप कधी आला होता? कुठल्या प्रश्नावर? पुस्तक तिथलं शोधा. तुम्हाला काय पटलं, याचा इथे फारसा उपयोग नाही.

'ॲटलास श्रग्ड' नको

सगळ्यात जास्त लोक इथेच घसरतात. आपल्याला विशीत ज्या पुस्तकाने झपाटलं तेच पुढच्याच्या हातात ठेवायची हौस असते. त्यात मुग्धा कर्णिकांच्या अनुवादामुळे आयन रँडची ही कादंबरी मराठीतही मिळते, म्हणजे भाषेची सबबही उरत नाही. पण विचार करा, १९५७ च्या या कादंबरीत संपावर कोण जातं? उद्योगपती. १९८२ च्या गिरणी संपात ज्यांनी लालबाग-परळच्या चाळींमध्ये धान्य पोचवलं, त्यांना मालकांच्या संपाची कथा वाढदिवसाला द्यायची म्हणजे मुद्दाम खोडी काढणं झालं. पानं हजाराच्या वर. शेवटाकडे नायकाचं रेडिओवरचं भाषण साठेक पानं चालतं. युनियनच्या अधिवेशनातसुद्धा इतकं कुणी ऐकून घेत नाही. 'स्वार्थ हाच सद्गुण' ही रँडबाईंची मांडणी तर घरात शिरल्या शिरल्या दार लावून घेते. गंमत म्हणजे लिबर्टेरियन म्हणवणाऱ्यांना स्वतः बाईंनीच कधी जवळ केलं नाही.

रँडच द्यायची असेल तर १९३६ ची 'वी द लिव्हिंग' द्या. क्रांतीनंतरच्या पेट्रोग्राडची गोष्ट आहे, आणि बाईंच्या वडिलांचं औषधांचं दुकान बोल्शेविकांनी ताब्यात घेतलं होतं, त्यामुळे ती अनुभवातून आलेली आहे. तिच्यातला सगळ्यात सरळ, प्रामाणिक माणूस कम्युनिस्ट आहे. त्या आंद्रेईसाठी बाबा पुस्तक शेवटपर्यंत वाचतील.

डावे, पण कुठले?

'आमचे बाबा डावे आहेत' एवढ्यावर पुस्तक घेऊ नका. महाराष्ट्रात या एका शब्दाखाली एकमेकांशी न बोलणारी चार घरं राहतात.

समाजवादी घर असेल तर स्टालिनच्या अत्याचारांवरचं पुस्तक नेऊन काय उपयोग? ते तुमच्या जन्माआधीपासून स्टालिनला शिव्या घालताहेत. सत्ता गाव, जिल्हा, प्रांत आणि केंद्र यांत वाटणारं लोहियांचं चौखंबा राज्य, गांधींना राज्यसत्तेच्या वाढीची वाटणारी भीती, हे सगळं त्यांच्या कपाटात आहे. या घराची दुखरी जागा आणीबाणी आहे. विनाचौकशी तुरुंग, वर्तमानपत्रांवर सेन्सॉर, हे ज्याने १९७५ ते ७७ मध्ये पाहिलं त्याला 'सत्ता एका हातात गोळा झाली की काय होतं' हे वेगळं शिकवावं लागत नाही. अशा माणसाला मिनू मसानी द्यावेत. मसानी स्वतः १९३४ च्या काँग्रेस समाजवादी पक्षाच्या संस्थापकांपैकी. नाशिकच्या तुरुंगात जयप्रकाशांबरोबर ज्या चर्चा झाल्या त्यांतले. पुढे समाजवादाचा फेरविचार करत ते राजाजींबरोबर १९५९ मध्ये खुल्या बाजाराच्या बाजूच्या स्वतंत्र पक्षात पोचले. आपल्यातलाच एक माणूस इथून तिथे कसा गेला, ही उत्सुकता बाबांना असतेच. मग ते वाचतात भांडायला म्हणून, पण वाचतात.

कम्युनिस्ट घर असेल तर आणखी एक पायरी खाली उतरा: भाकप की माकप? आणीबाणीला भाकपने पाठिंबा दिला होता, माकपने विरोध केला होता. ज्या पुस्तकाने माकपवाल्या बाबांशी तुमचं छान जमेल तेच भाकपवाल्या काकांच्या साठीला दिलंत, तर केक कापेपर्यंत सगळे गप्प बसतील.

आंबेडकरी घरात बाबासाहेबांना ओढूनताणून बाजारवादी ठरवणारं काही नेऊ नका. 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये (१९४७) त्यांनी शेती आणि मुख्य उद्योग सरकारच्या मालकीचे करा असं स्पष्ट लिहिलंय, आणि ते त्या घरातल्या प्रत्येकाला पाठ आहे.

आणि आई जर स्त्रीमुक्तीच्या चळवळीतली असेल, तर माझ्या मते तिच्यासाठी पुस्तक सापडणं सगळ्यात सोपं. शरद जोशींचं 'चांदवडची शिदोरी' द्या. नोव्हेंबर १९८६ मध्ये नाशिक जिल्ह्यात चांदवडला शेतकरी संघटनेने महिला अधिवेशन भरवलं, लाखोंच्या संख्येने बाया जमल्या, त्याची ही वैचारिक बाजू. त्यातून पुढे लक्ष्मीमुक्तीची मोहीम निघाली: नवऱ्याने आपखुशीने जमिनीचा हिस्सा बायकोच्या नावावर करायचा. मालमत्तेचा हक्क म्हणजे भांडवलदारांची चैन, असं मानणाऱ्या आईला सातबाऱ्यावर पहिल्यांदा स्वतःचं नाव पाहणारी बाई दाखवा. पन्नास व्याख्यानांत जे पोचत नाही ते या उताऱ्यावरच्या एका ओळीत पोचतं. शिवाय जोशी मुळातून मराठीत लिहिणारे, त्यामुळे अनुवादाचा खडबडीतपणा नाही.

जोशींचं काही देताना एक सावधगिरी मात्र हवी. चाकणच्या कांदा आंदोलनातले, 'भीक नको, हवे घामाचे दाम' म्हणणारे जोशी डाव्या घरात आजही आदराचे. जागतिक व्यापार खुला करू पाहणाऱ्या डंकेल प्रस्तावाचं स्वागत करणारे आणि वाजपेयींच्या काळात कृषी कार्यदलाचे अध्यक्ष झालेले जोशी तितकेसे नाहीत. तेव्हा सुरुवात आधीच्या जोशींपासून करा. कांद्याचा मुद्दा तर दर काही वर्षांनी सरकारच ताजा करून देतं. डिसेंबर २०२३ मध्ये कांद्यावर निर्यातबंदी झाली तेव्हा डाव्यांची किसान सभाही विरोधात होती. बाबा आणि तुम्ही एका बाजूला उभे आहात, असे प्रसंग थोडे असतात. ते वाया घालवू नका.

शीर्षक पाहून पुस्तक टाळणं, किंवा शीर्षक पाहून घेणं

हायेकचं 'द रोड टू सर्फडम' नाव ऐकूनच बाबा भडकतील असं वाटतं. प्रत्यक्षात हे पुस्तक त्याच्या नावापेक्षा बरंच सौम्य आहे. १९४४ मध्ये, युद्ध चालू असताना इंग्लंडमध्ये लिहिलेलं, आणि अर्पण केलंय 'सर्व पक्षांतल्या समाजवाद्यांना'. शिवी म्हणून नव्हे. ज्यांच्याशी बोलायचंय त्यांना. अन्न, वस्त्र, निवारा यांची किमान हमी सरकारने द्यायला हायेकची त्यात हरकत नाही, हे वाचून बाबा चष्मा वर करून तुमच्याकडे बघतील.

यात खरी मजा जोडीच्या वाचनाची आहे. सरकारी हस्तक्षेपाचा पुरस्कर्ता अर्थशास्त्रज्ञ केन्सने हायेकला पत्र लिहून पुस्तकाच्या नैतिक भूमिकेशी जवळजवळ पूर्ण सहमती कळवली, आणि लगेच दुखऱ्या जागी बोट ठेवलं: सरकारने किती करावं याची रेषा कुठेतरी ओढावी लागते हे तुम्हीच मान्य करता, मग ती कुठे ओढायची ते का सांगत नाही? समाजवादी ऑर्वेलने परीक्षणात मान्य केलं की सगळं सरकारच्या हाती दिलं तर मूठभर नोकरशहांचं राज्य येतं. पण मोकाट स्पर्धेची जुलूमशाही त्याहून वाईट असू शकते, कारण तिला कुणालाच जाब द्यावा लागत नाही. या दोन्हींची झेरॉक्स काढून पुस्तकात घाला. बाबांच्या बाजूचे दोन वकील तुम्हीच आणून दिलेत म्हटल्यावर तुमच्या हेतूवरचा संशय निम्मा होतो.

नोझिकचं 'ॲनार्की, स्टेट अँड युटोपिया' (१९७४) बुद्धीला धार लावणारं आहे, पण ते आधी रॉल्सचा न्यायाचा सिद्धांत वाचलेल्याला. बाबा तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक नसतील तर सोडून द्या.

श्रीमंतांची बाजू घेणारं पुस्तक

करकपातीवरचं, कंपन्यांवरच्या निर्बंधांवरचं पुस्तक बरोबर असेलही, पण त्यात ज्याचं नुकसान होतंय तो माणूस बाबांना ओळखीचा नाही. मी सांगेन, एकच पुस्तक घ्यायचं झालं तर एर्नांदो दे सोतोचं 'द अदर पाथ' घ्या. १९८६ चं, पेरू देशातलं. त्याच्या माणसांनी लिमाच्या एका कडेच्या वस्तीत दोन-चार शिलाई मशीनचा छोटा कारखाना कायदेशीरपणे नोंदवायचा प्रयोग केला. कुणाची ओळख नाही, वशिला नाही; एकेका खिडकीवर रांग लावायची, फॉर्म भरायचे. २८९ दिवस लागले. वाटेत दहा वेळा लाच मागितली गेली, आणि दोनदा ती दिल्याशिवाय काम पुढे सरकेना. नियमांचं हे जंगल मोठ्या धंदेवाल्याला परवडतं, कारण त्याच्याकडे वकील आणि मंत्र्याचा फोन नंबर असतो. मरतो तो फेरीवाला, रिक्षावाला, झोपडीत शिवणकाम करणारी बाई. गरिबाच्या बाजूने उभं राहून सरकारला झोडणारं हे पुस्तक आहे, आणि बाबांना नेमकी हीच बाजू आवडते. दादरला किंवा मंडईत हातगाडी उचलणारी पालिकेची गाडी त्यांनी रोज पाहिलीय. २०१४ चा पथविक्रेता कायदा त्यांच्याच चळवळींच्या रेट्याने आला.

पुस्तकाचं नाव 'शायनिंग पाथ' या पेरूतल्या माओवाद्यांना उद्देशून आहे, आणि त्यांनी १९९२ मध्ये दे सोतोच्या संस्थेवर बॉम्बहल्ला केला. पुस्तक देताना ही माहिती सांगू नका. बाबा स्वतः शोधतील तेव्हा तिचं वजन वेगळं असेल.

आदिवासी किंवा जंगलहक्काच्या चळवळीतले पालक असतील तर एलिनॉर ऑस्ट्रॉमचं 'गव्हर्निंग द कॉमन्स' (१९९०). लिबर्टेरियन म्हणावं असं ते नाही, पण सामायिक जंगल, पाणी लोक सरकारशिवाय आणि मालकाशिवायही सांभाळतात हे दाखवतं. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाचं 'आमच्या गावात आम्हीच सरकार' ज्यांना ठाऊक आहे त्यांना पुढचं सांगावं लागणार नाही.

अक्षरं, पानं, वेळ

हे किरकोळ वाटतं आणि निम्म्या भेटी इथेच वाया जातात. स्वस्त पॉकेट आवृत्ती घेऊ नका. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या माणसाला त्या मुंगीएवढ्या अक्षरात वाद घालायला लावणं हा अन्याय आहे. दुकानात पुस्तक हात लांब करून धरून बघा. इंग्रजीचा कंटाळा असेल तर मराठीच घ्या. पातळ हवं असेल तर बास्तिया या फ्रेंच मुक्तबाजारवाद्याचं 'द लॉ' (१८५०) एका दुपारचं आहे, आणि हा गृहस्थ फ्रान्सच्या सभागृहात डाव्या बाजूला बसायचा.

निवडणुकीच्या तोंडावर, निकालाच्या आठवड्यात, किंवा उजव्या मामांच्या देखत देऊ नका. पहिल्या पानावर 'डोळे उघडण्यासाठी' वगैरे काही लिहू नका. 'बाबा, पान अमुकवर तुमची आठवण झाली' एवढं पुरे. पान मात्र खरोखर तसं असू द्या.

दिल्यानंतरच्या अडचणी

पुस्तक महिनाभर वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्याखाली आहे: विचारू नका. 'वाचलंत का?' दुसऱ्यांदा विचारलंत की तो गृहपाठ होतो. रद्दीवाला यायच्या दिवशी तेवढं बाजूला काढून ठेवा.

समासात लाल पेनने प्रश्नचिन्हं आणि 'साफ खोटं!' असे शेरे दिसताहेत: उत्तम. याहून चांगला निकाल नाही.

'आणि चिलीचं काय?' हा प्रश्न येणारच, हायेक किंवा फ्रीडमन दिला असेल तर पहिल्याच आठवड्यात. इथे उडवाउडवी करू नका. १९७५ मध्ये फ्रीडमन चिलीत जाऊन तिथला लष्करी हुकूमशहा पिनोशेला भेटला, १९७७ मध्ये हायेक भेटला, आणि १९८१ मध्ये तिथल्या वर्तमानपत्राला मुलाखत देताना हायेकने उदारमत नसलेल्या लोकशाहीपेक्षा उदारमतवादी हुकूमशहा बरा, अशी पसंती सांगितली. हे लाजिरवाणं आहे, तसं सरळ म्हणा. उत्तरादाखल लगेच सायबेरियातले मुडदे मोजायला लागलात तर दोघांचेही हिशेब रात्री बारापर्यंत चालतील आणि आई दिवा मालवून निघून जाईल.

फॅमिली ग्रुपवर बाबांनी पुस्तकावर टीका टाकली: तिथे उत्तर देऊ नका. फोन करा.

शेवटची अडचण परतभेटीची. पुढच्या वाढदिवसाला बाबा तुम्हाला तितकंच जाडजूड पुस्तक देणार, विरुद्ध बाजूचं. ते पूर्ण वाचा, पेन्सिलीने खुणा करा. नुसती प्रस्तावना चाळून 'छान आहे' म्हणालात, तर तीस वर्षं व्यवस्थापनाशी वाटाघाटी केलेल्या माणसाला ते दुसऱ्याच वाक्याला कळतं.