जुना दगडी वाडा घेताय? इसार देण्याआधी या चुका टाळा

लातूर, धाराशिव, बीड, नांदेडकडच्या गावठाणांतले जुने वाडे आता विकायला निघताहेत. मुलं पुण्याला, आईवडील थकलेले, आणि पावसाळ्याआधी माळवदावर, म्हणजे मातीच्या सपाट छतावर, माती टाकायला माणूस मिळत नाही. घेणारेही आहेत. कुणाला निवृत्तीनंतर गावी यायचंय, कुणाला पर्यटकांसाठी मुक्कामाची जागा काढायचीय. हे वाडे टिकावेत असं मला मनापासून वाटतं. पण वाडा टिकवायचा तर आधी तो कशाच्या आधारावर उभा आहे ते कळायला हवं, आणि नेमकं तेच बघायचं राहून जातं. घेणारा दारातल्या नक्षीवर, चौकातल्या तुळशीवृंदावनावर आणि भावावर बोलत राहतो. भिंतीच्या पोटात काय आहे आणि डोक्यावर किती टन माती आहे, हे विचारत नाही.

आधी इसार, मग तपासणी

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. "दुसरं गिऱ्हाईक येतंय" म्हटलं की लोक इसारपावती करून मोकळे होतात आणि इंजिनिअरला नंतर बोलावतात. तोवर तुमच्या हातात काही उरलेलं नसतं. मागच्या भिंतीनं पोट काढलंय हे कळलं तरी मालक म्हणतो, तुम्ही बघूनच घेतलंत ना. तपासणी इसाराआधी करा. ते जमतच नसेल तर इसारपावतीत स्पष्ट लिहून घ्या की स्ट्रक्चरल इंजिनिअरचा अहवाल समाधानकारक नसेल तर इसाराची रक्कम परत मिळेल. यावर मालक चिडला तर त्याला काय लपवायचंय याचा विचार करा.

चुकीच्या माणसाला बोलावणं

बँकेच्या व्हॅल्युअरचा अहवाल म्हणजे तपासणी नव्हे. तो मिळकतीची किंमत काढतो. भिंत किती भार पेलते हे त्याला विचारलेलंच नसतं. दुसरीकडे, ज्यानं उभ्या आयुष्यात फक्त आरसीसीचे बंगले केले तो इंजिनिअर वाड्यात पाऊल टाकताच "पाडा आणि नवीन बांधा" म्हणतो, कारण दगड-मातीच्या भिंतीचं गणित त्यानं कधी केलेलं नसतं. काही जण काँक्रीट तपासायचा रिबाउंड हॅमर आणून दगडावर मारतात आणि मोठा आकडा लिहून देतात. त्या आकड्याला काही अर्थ नाही. बेसॉल्ट कठीणच असतो, प्रश्न दोन दगडांमधल्या मसाल्याचा, म्हणजे सांध्यातल्या माती-चुन्याचा आहे.

जुन्या दगडी आणि लाकडी बांधकामांच्या दुरुस्तीचा अनुभव असलेला स्ट्रक्चरल इंजिनिअर शोधा. भारतीय मानक १३८२८ कमी ताकदीच्या दगडी-विटांच्या बांधकामासाठी आहे आणि १३९३५ भूकंपाच्या दृष्टीनं दुरुस्ती-मजबुतीकरणासाठी. ही दोन्ही त्यानं वापरली आहेत का, हे सरळ विचारा. सोबत गावातला एक म्हातारा गवंडी आणि एक सुतार घ्या. कोणत्या वर्षी कोणती भिंत उतरवून पुन्हा बांधली, हे त्यांनाच ठाऊक असतं.

दर्शनी दगडावर भाळणं

बाहेरून काळा घडीव दगड, दगडांचे थर (रद्दे) एका ओळीत, सांधे (दरजा) इतके बारीक की नख शिरत नाही. त्यामुळे आख्खी भिंत अशीच असेल असं वाटतं. बहुतेक वेळा ती तशी नसते. अडीच-तीन फूट जाडीच्या भिंतीला बाहेरचा एक पदर असतो, आतला एक पदर असतो, आणि मधे गोटे, कपच्या आणि माती भरलेली असते. दोन्ही पदरांना बांधून ठेवणारे आरपार दगड असतील तर ती एक भिंत. नसतील तर एकमेकींना टेकून उभ्या असलेल्या त्या दोन पातळ भिंती आहेत. पाणी मुरलं की मधली माती खाली बसते, दाब आडवा होतो आणि बाहेरचा पदर फुगतो. भिंतीनं पोट काढलं म्हणतात ते हेच.

हे तपासायला मोठं यंत्र लागत नाही. माळवदावरून ओळंबा (दोरीला बांधलेलं वजन) सोडा आणि दर फुटाला दोरी ते भिंत अंतर मोजून वहीत लिहा. खाली चार बोटं, मधे दोन आणि वर पुन्हा चार भरली तर मधे फुगवटा आहे. मग हातोडीच्या दांड्यानं भिंत ठोकत जा. भरीव भिंतीचा आवाज बसका येतो, पदर सुटलेल्या जागी पोकळ. अशी जागा सापडली की इंजिनिअरला आतल्या बाजूचे एक-दोन दगड काढून बघू द्या. मालकाची परवानगी घ्या, दगड परत बसवून द्या, पण उघडून बघितल्याशिवाय अहवाल स्वीकारू नका. सांध्यातला मसाल्याचा खडा पेलाभर पाण्यात टाका. माती असेल तर थोड्याच वेळात विरघळून पाणी गढूळ होतं, चांगला चुना खड्यासारखाच राहतो. चुन्यातली भिंत आणि मातीतली भिंत यांच्या दुरुस्तीच्या खर्चात मोठा फरक पडतो.

आरपार दगड नसले म्हणजे सगळं संपलं असं नाही. भिंतीला आरपार भोक पाडून त्यात सळई आणि काँक्रीट भरता येतं. मानकानुसार असे बांध उंचीत साधारण दर २ फुटांवर आणि आडवे दर ४ फुटांवर हवेत. फुगलेला भाग मात्र टेकू देऊन उतरवावाच लागतो. वरून सिमेंटचा गिलावा फासून तो सरळ होत नाही.

माळवदाचं वजन न मोजणं

या मुद्द्यावर जरा थांबतो, कारण आपल्या भागात यानं माणसं मारली आहेत.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जनाच्या रात्री, किल्लारी-सास्तूर परिसरात भूकंप झाला. ६.२ तीव्रतेच्या त्या धक्क्यात हजारो लोक झोपेतच गेले. तोवर हा भाग देशाच्या भूकंप-नकाशावर सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या पट्ट्यात होता. २००२ च्या सुधारित नकाशात तो तिसऱ्या पट्ट्यात आला. त्या भूकंपापासून "दगडानं माणसं मारली" हे गावोगाव पक्कं बसलं आणि चांगले वाडेही पाडले गेले. खरी कारणं होती मातीत रचलेले अनघड गोल गोटे, आरपार दगडांचा अभाव, कोपऱ्यात एकमेकींत न गुंतलेल्या भिंती आणि डोक्यावर मातीचा प्रचंड भार.

हा भार वाढत जातो. माळवद गळलं की पांढऱ्या मातीचा नवा थर टाकायचा, जुना काढायचा नाही. पिढ्यान्‌पिढ्या हेच चालतं. एक फूट जाड मातीचं वजन दर चौरस मीटरला ५०० किलोच्या आसपास भरतं, भिजल्यावर आणखी जास्त. म्हणजे १० बाय १२ फुटांच्या एका खोलीवर साडेपाच-सहा टन. थर दोन फुटांचा असेल तर दुप्पट. पाच इंची काँक्रीट स्लॅब दर चौरस मीटरला ३०० किलोच्या आसपास असतो, यावरून अंदाज घ्या.

म्हणून वर चढा. उजेडासाठी ठेवलेल्या झरोक्याच्या कडेला थर उघडा दिसतो, तिथं टेप लावा. झरोका नसेल तर बारीक पहार खाली फळीला लागेपर्यंत हलक्या हातानं घालून खोली मोजा. प्रत्येक खणावर (दोन तुळयांमधल्या भागावर) वेगळं मोजा, कारण जिथं जास्त गळायचं तिथं थर जास्त असतो. पनाळी तुंबल्यात का, माळवदावर गवत किंवा पिंपळ उगवलाय का, तेही बघा. पिंपळाचं मूळ भिंतीच्या पोटात किती खोल गेलंय हे वरून कळत नाही.

माती कमी करून साधारण ८ इंचांवर आणता येते. खाली प्लास्टिकचा जाड कागद घालून उतार नीट दिला की ती गळतही नाही, आणि उन्हाळ्यातला गारवा राहतो. सगळं माळवद काढून मातीतल्या भिंतींवर थेट स्लॅब ओतणं हा मात्र धोक्याचा उपाय आहे. स्लॅबखाली भिंतींना एकत्र बांधणारा पट्टाच नसतो. आणि किल्लारी जुनी गोष्ट झाली असं समजू नका. मार्च २०२४ मध्ये हिंगोली-नांदेड-परभणीला ४.५ तीव्रतेचा धक्का बसलाच होता.

लाकूड वरवर बघणं

माळवदाचा भार भिंतीवर आहे की खांबांवर, हा इंजिनिअरला विचारायचा पहिला प्रश्न. खणाच्या घरात तुळया लाकडी खांबांवर टेकतात आणि भिंत नुसतं आवरण असते. तसं असेल तर भिंत दुरुस्त करणं सोपं जातं. पण भिंतीत गाडलेल्या खांबांची पाठ कुणी बघत नाही. चौकातला मोकळा खांब तेल लावून चकचकीत असतो, आणि भिंतीतला त्याचा जोडीदार आतून वाळवीनं खाल्लेला. उथळ्यापासून (खांबाखालच्या दगडापासून) हातभर उंचीपर्यंत स्क्रूड्रायव्हर टोचून बघा, सहज घुसला तर आत भुसा आहे. तुळईचं भिंतीत शिरलेलं टोकही असंच बघा, कुजायला सुरुवात तिथूनच होते. सगळं लाकूड सागवान आहे असं मालक सांगेल. सुताराला विचारा, किलचन (मातीखाली अंथरलेल्या लाकडी पट्ट्या) आणि आतल्या कड्या कित्येकदा बाभळीच्या किंवा लिंबाच्या निघतात.

पाण्याची वाट न शोधणं

गावात सिमेंटचे रस्ते झाले, एकावर एक थर पडले आणि रस्ता वाड्याच्या जोत्याच्या वर गेला. आता पावसाचं पाणी रस्त्यावरून दारात येतं. त्यातच जुन्या भिंतीला टेकून नंतर बांधलेलं न्हाणीघर, आणि दोन हातांवर शोषखड्डा. भिंतीला खालून तीन-चार फूट लोणा (ओलीनं आलेला क्षारांचा पांढरा थर) लागलेला दिसला की यातलं कोणतं पाणी आहे ते शोधा. लोण्यावर सिमेंटचा गिलावा मारला तर पाणी आतच कोंडतं आणि ओल आणखी वर चढते. विकायच्या आधी ताजा गिलावा किंवा ताजा रंग फक्त खालच्या चार फुटांत दिसला तर त्यामागे काय आहे ते आधी बघा. चुन्याचा गिलावा भिंतीला श्वास घेऊ देतो, म्हणून दुरुस्तीत तोच वापरायचा.

जुनं गावठाण सहसा पांढरीवर, म्हणजे जुन्या वस्तीच्या पांढऱ्या मातीवर असतं, त्यामुळे वाड्यांचे पाये बऱ्यापैकी स्थिर असतात. गावाच्या कडेला, काळ्या मातीवर वाढलेला भाग वेगळा. काळी माती उन्हाळ्यात आकसते, पावसात फुगते आणि भिंत वर्षभर वरखाली होत राहते. अशा घराची एक पाहणी मे महिन्यात आणि एक भर पावसात करता आली तर उत्तम.

भेगा बघताना नुसत्या मोजू नका, त्यांची दिशा बघा. कोपऱ्यात उभी आणि वर रुंद होत गेलेली भेग म्हणजे दोन भिंती सुटताहेत. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी पायऱ्या-पायऱ्यांनी गेली असेल तर एका बाजूचा पाया बसलाय. दोन्ही टोकांना पेन्सिलीनं खूण करून तारीख लिहा आणि भेगेवर काचेची पट्टी प्लास्टरनं चिकटवा. पट्टी फुटली तर हालचाल अजून चालू आहे. जुनी, धुळीनं भरलेली, न हलणारी भेग फार घाबरवणारी नसते.

शेजारी आणि जमिनीखाली न बघणं

वाटण्या झालेल्या वाड्यात हा प्रश्न हमखास निघतो. धाकट्या भावानं आपला अर्धा भाग पाडून बंगला बांधलेला असतो आणि उरलेल्या अर्ध्याची एक भिंत, जी कधीकाळी आतली होती, ती आता उघड्यावर पावसात उभी असते. तिच्यातल्या तुळया सामाईक भिंतीपाशी कापलेल्या असतात. ती टोकं कशावर टेकली आहेत ते बघा. सामाईक भिंतीच्या दुरुस्तीचा हक्क कुणाचा, हे शेजाऱ्याकडून लेखी घ्या. तोंडी शब्द भावबंदकीत टिकत नाही.

चौकाखाली किंवा ओसरीखाली धान्याचं पेव असतं, ते बुजवलं तर कुणाच्या लक्षातही राहत नाही. फरशी ठोकून पोकळ आवाज ऐका, घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा. पेव उघडलं तर खाली कुणालाही उतरवू नका. आत कार्बन डायऑक्साइड साचलेला असतो आणि माणूस क्षणात बेशुद्ध पडतो.

कधी सोडून द्यावं

निम्म्याहून जास्त बाह्य भिंती फुगल्या असतील, पट्टी लावलेल्या भेगा वाढत असतील आणि भार पेलणारे खांबही कुजलेले असतील, तर जागेचीच किंमत द्या, वाड्याची नको. यांतलं एखादंच असेल तर अहवालातला दुरुस्तीचा खर्च धरून भाव पाडा.

कागदांचं थोडक्यात सांगतो. नमुना आठ किंवा मिळकत पत्रिका कुणाच्या नावावर आहे, वारस किती, हे वकिलाकडून तपासा. निजामाच्या काळातले दाखले उर्दूत असतात, ते वाचून घ्या. राष्ट्रीय संरक्षित स्मारकापासून १०० मीटरच्या आत नवं बांधकाम चालत नाही आणि दुरुस्तीलाही परवानगी लागते. पुढच्या २०० मीटरमध्येही परवानगी लागते. दौलताबाद किंवा बीबी का मकबऱ्याजवळ घर बघत असाल तर हे आधी विचारा.

आणि खरेदीखतात लाकडाची यादी घाला, फोटोंसह: दरवाजे, चौकटी, नक्षीचे खांब, हस्त (खांबावरचे लाकडी आधार), तुळया. सौदा ठरल्यावर आणि ताबा मिळण्याआधी जुनं लाकूड घेणारे व्यापारी येऊन जातात, आणि भार पेलणारा खांब काढून नेला की आधी केलेल्या तपासणीचा अहवालच लागू राहत नाही. ताब्याच्या दिवशी त्या यादीवर खांब-खांब बघून खूण करा, मगच किल्ली घ्या.