पत्रकारितेची प्रवेश परीक्षा : सांगलीतून निघण्यापूर्वीची तयारी

पत्रकारितेच्या पदव्युत्तर शिक्षणासाठी सांगली जिल्ह्यातील विद्यार्थ्यासमोर साधारणपणे तीन वाटा असतात : कोल्हापूरचे शिवाजी विद्यापीठ, पुण्याचे रानडे इन्स्टिट्यूट आणि मराठी पत्रकारितेसाठी भारतीय जनसंचार संस्थानाचे अमरावती केंद्र. यांपैकी कोणतीही निवडली तरी अर्ज भरण्याआधी त्या संस्थेची त्या वर्षाची माहितीपुस्तिका पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचावी. वस्तुनिष्ठ प्रश्न किती, लेखी उत्तरे किती, चुकीच्या उत्तराला गुण वजा होतात का, उत्तरे मराठीत लिहिता येतात का आणि नंतर मुलाखत आहे का, या पाच गोष्टी वहीच्या पहिल्या पानावर उतरवाव्यात, कारण तयारीचा भर कुठे द्यायचा हे त्यांवरूनच ठरते. आधीच्या तुकडीतल्या मित्राने दिलेली माहिती आपुलकीची असते, पण ती गेल्या वर्षीची असते. जातीचा दाखला, नॉन-क्रीमीलेयर, पदवीच्या गुणपत्रिका आणि लागल्यास राजपत्रातील नावबदल ही कागदपत्रे निकालाची वाट न पाहता आत्ताच तपासून घ्यावीत.

त्यानंतरचे काम रोजच्या वाचनाचे. एक मराठी आणि एक इंग्रजी दैनिक पुरे. नगर वाचनालयात बसून सात दैनिके चाळण्यापेक्षा एकाच घटनेची बातमी दोन दैनिकांत शेजारी ठेवून वाचावी आणि पहिल्या वाक्यात कोणी काय घेतले, काय तळाशी ढकलले, हे टिपावे. चालू घडामोडींच्या तयार पुस्तिका परीक्षेच्या आदल्या आठवड्यात उजळणीला ठीक आहेत. त्याआधी त्यांवर विसंबल्यास नावे पाठ होतात आणि घटना निसटते.

आकड्यांचे भान मात्र सवडीने कमवावे, आणि त्यासाठी सांगलीइतकी चांगली जागा मिळणे कठीण. पावसाळ्यात कृष्णा नदीवरच्या आयर्विन पुलाजवळची पाणीपातळी इथे दारोदार विचारली जाते. ४० फूट ही इशारा पातळी, ४५ फूट ही धोका पातळी, आणि ऑगस्ट २०१९ च्या महापुरात पाणी ५७ फुटांपर्यंत गेले होते. सरावासाठी लिहिलेल्या माझ्या पहिल्या बातमीत ‘कृष्णेची पातळी ४५ फुटांनी वाढली’ असे वाक्य होते. म्हणायचे होते ‘४५ फुटांवर पोहोचली’. एका प्रत्ययाने मी अख्खे शहर बुडवले होते आणि ही चूक दाखवली ती गावभागात राहणाऱ्या मावशीने. तसाच गोंधळ टीएमसी आणि क्युसेक यांत होतो. टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, म्हणजे साठा. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, म्हणजे वेग. सुमारे ११,५७४ क्युसेकने चोवीस तास विसर्ग झाला की एक टीएमसी पाणी जाते. हे गणित एकदा स्वतः करून पाहिले आणि कोयनेची १०५.२५ टीएमसी क्षमता त्याला लावून पाहिली, की धरणाची कोणतीही बातमी वाचताना कुठे प्रश्न विचारायचा ते कळू लागते.

वृत्तपत्रांच्या इतिहासावर एखाददुसरा प्रश्न येतोच, त्यामुळे सनावळी टाळता येत नाही : ६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’, १८८१ मध्ये ‘केसरी’, १८८८ मध्ये ‘सुधारक’, ३१ जानेवारी १९२० रोजी डॉ. आंबेडकरांचे ‘मूकनायक’. ही नावे ओळखीच्या जागेला बांधली की राहतात. खानापूर-आटपाडीकडे उपसा सिंचन योजनेमुळे रोज तोंडी असलेले टेंभू हे कराडजवळचे गाव म्हणजेच ‘केसरी’चे पहिले संपादक गोपाळ गणेश आगरकर यांचे १८५६ मधील जन्मगाव. कायद्यांपैकी अभिव्यक्तिस्वातंत्र्य देणारे संविधानाचे कलम १९(१)(क) आणि त्यावर वाजवी निर्बंध घालू देणारे १९(२), तसेच माहिती अधिकार अधिनियम २००५ एवढे नीट समजून घ्यावे. शेवटच्याचा तर एक अर्ज प्रत्यक्ष करावा. उत्तराची मुदत ३० दिवसांची असल्याने तो परीक्षेच्या किमान दोन महिने आधी टाकावा, म्हणजे मुलाखतीत त्याविषयी स्वतःचे काही सांगता येईल.

लेखनाचा सराव हाताने, घड्याळ लावून आणि खऱ्या जागेवरून करावा. मार्केट यार्डात हळदीच्या सौद्याला तासभर उभे राहावे, शेतकरी, अडते आणि हमाल यांच्याशी बोलावे, आणि घरी येऊन अर्ध्या तासात दोनशे शब्दांची बातमी लिहावी. कोण, काय, कधी, कुठे, का आणि कसे हे सहा ‘क’कार तपासावेत, त्यांतला ‘का’ हमखास गळतो. ‘मान्यवरांच्या हस्ते दीपप्रज्वलन करून कार्यक्रम मोठ्या उत्साहात संपन्न झाला’ ही प्रेसनोटची भाषा आपल्याकडे कानात इतकी मुरली आहे की ती नकळत उतरते. लिहून झाल्यावर तेवढ्यासाठी एक वाचन वेगळे ठेवावे. भाषांतरासाठी इंग्रजी दैनिकातील एक परिच्छेद रोज मराठीत आणावा आणि मूळ कागद झाकून तो मोठ्याने वाचावा. जिथे जीभ अडखळते तिथे बहुधा इंग्रजीचाच क्रम राहिलेला असतो.

प्रवेशपत्राच्या दोन प्रती, मूळ ओळखपत्र, छायाचित्रे आणि दोन पेन आदल्या रात्री एकाच पाकिटात ठेवावीत. मोबाइल केंद्राबाहेर ठेवावा लागतो हे गृहीत धरून केंद्राचा पत्ता कागदावर लिहून घ्यावा. पुण्याला परीक्षा किंवा मुलाखत असल्यास रात्रीच्या एसटीने निघण्यात पैसे वाचतात, झोप वाचत नाही. शक्य असेल तर आदल्या दिवशी मुक्कामी जावे. मुलाखतीत ‘आज पहिल्या पानावर काय आहे’ हा प्रश्न येण्याची शक्यता असते आणि सांगलीत सोबत घेतलेला अंक तोवर शिळा झालेला असतो, शिवाय आवृत्तीही वेगळी असते; तेव्हा स्वारगेटला उतरल्यावर चहाच्या आधी त्या दिवशीचा पुणे आवृत्तीचा अंक विकत घ्यावा आणि मुख्य बातमीचा उरलेला मजकूर आतल्या पानावर गेला असेल, तर तोही शोधून वाचावा.